बाजारातून उठलेला सुटा भाग

ट्रस्टच्या कौटुंबिक मेळाव्यात नवीन ओळख झाली की "आपण काय करीत होता?" हा प्रश्न ठरलेला असतो. "चेर्लापल्लीच्या एका लहान कारखान्यात खरेदी विभागात होतो," असे मी सांगतो, आणि समोरच्या गृहस्थांची उत्सुकता तेथेच संपते. खरेदी म्हणजे सामान आणणे. त्यात काय एवढे? यंदा स्मरणिकेच्या संपादक मंडळाने "आपापल्या व्यवसायाविषयी घरच्या मंडळींनाही समजेल असे लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा या "त्यात काय एवढे?" चेच उत्तर लिहावे असे मनात आले. तीस वर्षांच्या नोकरीतील निम्म्याहून अधिक काळ मी, जगात कोणीही बनवीत नाही असे सुटे भाग शोधण्यात घालवला आहे.

आमच्या बडी चावडीच्या जुन्या घरात पितळेची भांडी होती. वर्षातून दोनदा कल्हईवाला गल्लीत येई, भाता मांडी, नवसागराचा धूर करी आणि भांडी पुन्हा चांदीसारखी होत. पुढे तो येईनासा झाला. भांडी होती तशीच भक्कम होती; पण कल्हईवाचून त्यांत आंबट शिजविता येईना, म्हणून ती माळ्यावर गेली. इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे नेमके असेच होते. लोखंड झिजते, रबर फाटते, हे आपणांस समजते. पण एखादे यंत्र पूर्णपणे धडधाकट असताना, केवळ त्यातील नखाएवढा एक भाग जगाच्या बाजारातून उठला म्हणून ते कायमचे बंद पडावे, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास खरी वाटत नाही.

आमचा कारखाना इलेक्ट्रॉनिक कार्डे बनवीत असे. कार्ड म्हणजे हिरव्या रंगाची ती पाटी, जिच्यावर काळे, तपकिरी, चंदेरी लहान लहान भाग डाखाने बसवलेले असतात. मोठ्या उद्योगांतील तापमान, दाब, प्रवाह मोजणाऱ्या यंत्रणांत ही कार्डे बसत. एका कार्डावर दोनअडीचशे भाग सहज असतात. त्यांतील दोनशे एकोणपन्नास मिळाले आणि एक मिळाला नाही, तर कार्ड होत नाही. भाजीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. येथे तशी सोय नाही.

हैदराबादेत हा धंदा इतका कसा वाढला, हे नव्या पिढीला ठाऊक असतेच असे नाही. 11 एप्रिल 1967 रोजी येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे आपली ईसीआयएल, स्थापन झाली. तिचे बी मुंबईचे. ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्रात परदेशी उपकरणांवर विसंबून न राहता आपली उपकरणे आपण करावीत म्हणून जो इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग उभा राहिला होता, त्यातूनच हा कारखाना निघाला, आणि त्या विभागाचे प्रमुख डॉ. ए. एस. राव हेच त्याचे आद्य प्रवर्तक. 1969 साली पुरा झालेला टीडीसी-12 हा संगणक याच परंपरेतला. टीडीसी या अक्षरांतला 'टी' ट्रॉम्बेचा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पहिला दूरदर्शन संच ईसीचाच होता. कारखान्याच्या आसऱ्याने कुशाईगुडा, चेर्लापल्ली, मौला अली या भागांत लहान लहान कारखाने निघाले. तिकडे बसने जाणारे लोक आजही 'ईसीआयएल' म्हणून तिकीट मागतात, आणि डॉक्टरसाहेबांच्या नावाची वसाहत तर शहराचा एक मोठा भागच झाली आहे.

आता अडचण कोठे येते ते पाहू. अणुवीज केंद्र, रेल्वेची सिग्नल यंत्रणा, क्षेपणास्त्र, रुग्णालयातील मोठे यंत्र, ही सारी तीस-चाळीस वर्षे चालावीत अशा हिशेबाने बांधलेली असतात. आपल्या महाराष्ट्रातील तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून 1969 मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली आणि त्यांनी पन्नाशी ओलांडली. परंतु त्यांत बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांचे आयुष्य बाजार ठरवतो, आणि बाजार मोबाइल फोन, मोटारी व संगणक यांच्या तालावर चालतो. तेथे पाच-सात वर्षांत एक पिढी जाते. लग्न चाळीस वर्षांचे आणि बिऱ्हाडाचा करार पाच वर्षांचा, अशातला हा प्रकार आहे.

कारखानदार तो भाग बनविणे बंद का करतात? पूर्वी मलाही वाटे की ही निव्वळ अरेरावी आहे. पुढे हिशेब समजला. आयसी, म्हणजे आपण ज्याला चिप म्हणतो ती, एकेकटी बनत नाही. सिलिकनची एक गोल चकती असते, तिला वेफर म्हणतात. सहा इंच व्यासाच्या चकतीवर दोन मिलिमीटर बाजूचे चार हजारांहून अधिक तुकडे निघतात. चकत्याही एकेक घालीत नाहीत. पंचवीस चकत्यांची एक खेप असते. म्हणजे भट्टी एकदा पेटली की एक लाख चिपा! आणि आमची गरज किती? वर्षाला पाचशे. आमच्यासारखे जगभर वीस गिऱ्हाईक असले तरी दहा हजार झाले. भगोणेभर बिर्याणी शिजविणाऱ्या हॉटेलवाल्याला "दोन घास द्या, पण मागच्या वर्षीचीच चव हवी" असे सांगण्यासारखे ते आहे. शिवाय चकत्यांचा आकार वाढत जाऊन आज बारा इंचांवर पोहोचला. जुन्या, लहान चकत्यांची यंत्रे मोडीत निघतात, त्यांचे सुटे भागही मिळत नाहीत. म्हणजे सुटे भाग बनविणारी यंत्रेच सुट्या भागांवाचून अडतात. हसावे की रडावे ते कळत नाही.

उदाहरणे सांगावयाची तर इंटेल कंपनीचा 386 हा प्रोसेसर 1985 साली निघाला. घरच्या संगणकांतून तो केव्हाच गेला होता, परंतु कारखान्यांतील यंत्रांत तो ठाण मांडून बसला होता. 2006 मध्ये कंपनीने कळविले की पुढील वर्षाच्या सप्टेंबरनंतर तो मिळणार नाही. झायलॉग कंपनीचा झेड-80 तर त्याहून चिवट. 1976 साली बाजारात आलेला हा प्रोसेसर 2024 पर्यंत मूळ स्वरूपात मिळत होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये कंपनीने कळविले की 14 जूनपर्यंत शेवटच्या ऑर्डरी घेऊ, मग बंद. कधी कारण वेगळेच असते. 1 जुलै 2006 पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक मालात शिसे वापरण्यावर बंदी आली. हेतू चांगला, शिसे विषारीच. परंतु त्या निमित्ताने अनेक कंपन्यांनी जुन्या भागांची यादी झाडून काढली, आणि जे ठेवले त्यांच्या पायांवर शिसे-कथिलाऐवजी निव्वळ कथिलाचा मुलामा आला. निव्वळ कथिलाला कालांतराने केसासारखे बारीक तंतू फुटतात आणि शेजारच्या पायाला टेकून ते शॉर्ट करतात. ज्यांची यंत्रे तीस वर्षे चालायची आहेत, त्यांना हा 'तोच' भाग पूर्वीसारखा उरला नाही.

चांगली कंपनी अचानक दार लावीत नाही. ती पत्र पाठवते. रिवाज असा आहे की पत्रापासून निदान सहा महिने ऑर्डर देता यावी आणि निदान वर्षभर माल मिळावा. त्या शेवटच्या ऑर्डरीला आमच्या धंद्यात 'लास्ट टाइम बाय' म्हणतात. हे पत्र माझ्या टेबलावर आले की माझी झोप उडे. कारण त्यात एकच प्रश्न दडलेला असे, यापुढे आयुष्यभरासाठी किती घ्यावयाचे? मुलीच्या लग्नात किती पाने उठतील याचा अंदाज चुकला तर शेजारून काही आणता येते. येथे कमी घेतले तर दहा वर्षांनी हात चोळीत बसणे आले. जास्त घेतले तर मालकांचे भांडवल कपाटात कुजत पडणार, आणि गिऱ्हाइकाने मध्येच यंत्र बदलले तर तो सारा माल भंगार. त्यातही पत्र कंपनीकडून मोठ्या वितरकाकडे, तेथून लहान वितरकाकडे असे फिरत येई. सहा महिन्यांतील चार वाटेतच संपलेले असत.

बरे, घेऊन ठेवले तरी ते धान्यासारखे कणगीत ओतून चालत नाही. प्लॅस्टिकची आयसी हवेतील ओलावा शोषून घेते. पुढे डाख देताना अडीचशे अंशांच्या आसपास तापमान गेले की आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि लाहीसारखी ती आतून फुटते. बाहेरून दिसत नाही. आत चीर पडलेली असते. म्हणून हवाबंद पाकिटात ओलावा शोषणारी पुडी व रंग बदलणारे कार्ड घालून ती ठेवतात. कार्ड निळ्याचे गुलाबी झाले की समजावे, ओलावा शिरला. मग सव्वाशे अंशांवर ठरलेले तास भाजून घ्यावयाचे. आम्ही पुढे नायट्रोजन भरलेले कपाटच केले. पावसाळ्यात पापडाचे डबे सांभाळणाऱ्या आमच्या घरातील मंडळींना या कपाटाचे कधीच नवल वाटले नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर नुसता पडून राहिला तरी खराब होतो. वर्षानुवर्षे ठेवलेल्या कपॅसिटरला एकदम पूर्ण दाबाची वीज न देता हळूहळू चढवत न्यावे लागते, तेव्हा त्याच्या आतील ऑक्साइडचा थर पुन्हा बसतो.

हे सर्व करूनही एक दिवस कपाट रिकामे होते. मग शोध सुरू.

पहिली पायरी अशी की, मूळ कंपनीने तो भाग दुसऱ्या कोणाला बनवावयास दिला होता काय, ते पाहावे. जुन्या काळी हा रिवाजच होता. इंटेलचे 8085 व 8086 हे प्रोसेसर परवान्याने इतर कंपन्याही बनवीत. दुसरी पायरी म्हणजे बंद झालेल्या भागांचाच व्यापार करणाऱ्या कंपन्या. अमेरिकेत 1981 साली निघालेली रॉचेस्टर इलेक्ट्रॉनिक्स ही त्यांतील मोठी. मूळ कंपनी एखादा भाग बंद करते, तेव्हा ही कंपनी उरलेला साठा, तयार चकत्या आणि काही वेळा बनविण्याचा परवानासुद्धा रीतसर विकत घेते. येथला माल महाग, पण मूळ कंपनीपासून आपल्या हातापर्यंत कागदाची साखळी अखंड असते. माझ्या धंद्यात या साखळीपेक्षा मोलाची वस्तू नाही.

तिसरी पायरी, दुसऱ्या कारखान्यांकडे पडलेला शिल्लक माल. येथे जुने स्नेहसंबंध कामास येतात. बालानगरच्या एका खरेदी अधिकाऱ्याने मला एकदा त्यांच्या कपाटातील तीस आयसी उसन्या दिल्या होत्या, वाटीभर साखरेसारख्या. दोन वर्षांनी मी त्यांना वेगळ्याच जातीचे चाळीस रिले देऊन ते फेडले.

यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. 2002 साली अमेरिकेच्या नासा संस्थेला, अंतराळयानाच्या बूस्टरांची चाचणी घेणाऱ्या जुन्या उपकरणांसाठी 8086 चिपा हव्या होत्या. त्यांनी त्या इंटरनेटवरच्या लिलावात शोधल्या, इतकेच नव्हे तर त्या चिपा ज्यांत असत अशी जुनी वैद्यकीय उपकरणेही विकत घेतली. चंद्रावर माणूस उतरविणाऱ्यांवर जुन्या बाजाराची पायरी चढण्याची वेळ आली, तेथे आमच्यासारख्यांची काय कथा!

आपला जुना बाजार म्हणजे कोठीची गुजराती गल्ली. मुंबईत लॅमिंग्टन रोड, ज्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असूनही दुकानदारांना ते सांगून उपयोग नसतो. या बाजारांविषयी मला अतिशय प्रेम आहे. ग्रंथसंग्रहालयातून पुस्तक बदलून घरी जाताना गुजराती गल्लीत शिरलो नाही असा शनिवार विरळा. घरचा अँप्लिफायर दुरुस्त करावयाचा असेल, कॉलेजच्या मुलाला प्रयोगासाठी चार ट्रांझिस्टर हवे असतील, तर यासारखे ठिकाण नाही. एका वृद्ध दुकानदाराला आयसीचा नंबर सांगितला की तो न पाहता कोणत्या डब्यात आहे ते सांगे. परंतु कारखान्याच्या मालासाठी विचारले की तोच स्वतः म्हणे, "नक्को साब. एक-दो पीस घर के वास्ते ले जाओ. कंपनी के वास्ते मेरे से मत लेओ." प्रामाणिक माणूस! तो भाग कोठून आला, कितीदा डाख लागून निघाला, हे त्याला ठाऊक नसे, आणि ठाऊक नाही हे तो सांगत असे. दुसऱ्या एका माणसाने ते सांगितले नाही, त्याची हकीगत आता देतो.

2007 सालची गोष्ट. भट्टीचे तापमान मोजणाऱ्या एका कार्डाची जुनी ऑर्डर पुन्हा आली. त्यातील एक अँप्लिफायर आयसी बंद होऊन तीन वर्षे झाली होती. आमचा साठा संपलेला. परगावचा एक दलाल फोनवर भेटला. "साहेब, कोरा माल आहे, कंपनीच्या मूळ नळ्यांत भरलेला," असे म्हणाला. प्रमाणपत्रही पाठवले. भाव चढा होता, पण मुदत जवळ आलेली. मी कागद पाहिला, नमुन्याच्या पाच आयसी टेबलावर तपासून घेतल्या, पाचही उत्तम चालल्या, आणि मी सही केली. दोनशे नग आले. अठरा कार्डे तयार होऊन दुसऱ्या राज्यातील गिऱ्हाइकाकडे रवानाही झाली.

आमच्या आवक तपासणीत पॉलिटेक्निकमधून नुकतीच आलेली एक मुलगी होती. उरलेले नग मोजताना ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, या आयसीवर 0631 लिहिलंय. म्हणजे 2006 चा एकतिसावा आठवडा ना?" मी म्हटले, "होय." ती म्हणाली, "पण सर, कंपनीनं तर ही 2004 मध्येच बंद केली. तुमच्याच फायलीत पत्र आहे."

पत्र माझ्याच फायलीत होते. त्यावर तारखेसह माझीच आद्याक्षरे होती.

पुढचे सारे तासाभरात उघड झाले. कापसाला अ‍ॅसिटोन लावून आयसीच्या पाठीवर घासले, तर कापूस काळा झाला. खरी आयसी अशी रंग सोडीत नाही. रंगाखाली घासल्याचे बारीक ओरखडे होते आणि जुन्या छपाईची अस्पष्ट खूण. असा माल तयार कसा होतो? जगभरचा इलेक्ट्रॉनिक कचरा जेथे जातो तेथे जुनी कार्डे निखाऱ्यावर तापवून भाग सुटे करतात, धुतात, पाय सरळ करतात, पाठ घासून काढतात, काळा लेप देतात आणि त्यावर हवा तो नंबर छापतात. अमेरिकन सिनेटच्या एका समितीने 2012 मध्ये याची चौकशी प्रसिद्ध केली, तेव्हा लष्करी सामग्रीच्या पुरवठ्यात अशा संशयित भागांची सुमारे 1,800 प्रकरणे आणि दहा लाखांहून अधिक नग सापडले. त्यांतील बहुतेकांचा माग चीनपर्यंत गेला. लबाडी श्रीमंतांच्याही घरी शिरते, हे वाचून मला थोडे बरे वाटले, हे कबूल करतो.

पण मग आमचे पाच नमुने कसे चालले? येथेच या लबाडीची मेख आहे. आतील चिप बनावट नव्हती; ती त्याच जातीची, पण साध्या प्रतीची होती. एकाच नंबरच्या आयसीच्या प्रती असतात. साधी प्रत शून्य ते सत्तर अंशांपर्यंत काम करण्याची हमी देते, उच्च प्रत उणे पंचावन्न ते सव्वाशे अंशांपर्यंत. किमतीत फार अंतर, दिसण्यात फक्त शेवटच्या एकदोन अक्षरांचे. ती अक्षरे कोणी बदलली तर टेबलावर, पंख्याखाली, दोन्ही अगदी सारख्या चालतात. आम्ही कार्ड तापविण्याच्या पेटीत ठेवले. साठ अंशांपर्यंत आकडा बरोबर होता. नव्वदीच्या पुढे तो हळूहळू घसरू लागला. कार्ड बंद पडले असते तर बरे, कोणीतरी धावले असते. ते चालूच होते आणि भट्टी खऱ्या तापमानापेक्षा थंड असल्याचे सांगत होते. त्या आकड्यावर विसंबून माणूस इंधन वाढवणार होता.

मालकांच्या खोलीत मी जे सांगितले त्याला दोन मिनिटे लागली असतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. अठरा कार्डे परत मागविणे म्हणजे दंड, बदनामी, आणि पुढची ऑर्डर जाणे. खोलीतील एकजण म्हणाला, "सगळीच काही नव्वद अंशांत बसणार नाहीत." ते खरेही होते. मालक मला म्हणाले, "फोन तुम्हीच लावा. सही तुमची आहे." मी फोन लावला. सोळा कार्डे आठवड्यात परत आली. दोन बसविली गेली होती. ती काढण्यासाठी भट्टी नियमित देखभालीकरिता थांबेपर्यंत तेथील माणसांनी हाताने वेगळे तापमान मोजून नोंद ठेवली. बिलातून उशिराची कपात झाली. दलालाला दिलेली आगाऊ रक्कम बुडाली. त्याचा फोन पुन्हा कधी लागला नाही.

त्यानंतर आमच्याकडे नियम झाला की, साखळी तुटलेला कोणताही माल आला तर तो भिंगाखाली पाहावा, अ‍ॅसिटोनने पुसावा, काही नग क्ष-किरणाखाली ठेवून आतील सिलिकनचा तुकडा व तारा सारख्या आहेत का ते पाहावे, एकदोन नग आम्लाने उघडून आतील तुकड्यावर कंपनीची खूण वाचावी, आणि उरलेले गरम व थंड दोन्ही टोकांना चालवून पाहावे. यात इतका खर्च येतो की स्वस्त मिळालेला माल महाग पडतो. आणि दोन निरनिराळ्या खेपांचा माल एकाच नळीत मिसळलेला असेल, तर पाच नमुन्यांवरून दोनशेंची पारख होत नाही, हे मी शिकलो.

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवीन भाग घालून कार्डच नवे का आखीत नाही?" असे माझ्या जावयांनी एकदा विचारले. प्रश्न योग्य आहे. साध्या यंत्राला तेच करावे. कधी जुन्या आयसीच्या जागी बसेल असे तेवढ्याच पायांचे एक चिमुकले कार्ड करून त्यावर नवे भाग बसवितात. कधी जुन्या चिपेचे तर्कशास्त्र एफपीजीए नावाच्या, हवे तसे घडविता येणाऱ्या चिपेत उतरवितात. पण अणुवीज केंद्रातील किंवा रेल्वे सिग्नलमधील कार्डात एक भाग बदलला, तर ते कार्ड पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावे लागते. उष्णता, कंप, विद्युत अडथळे, सॉफ्टवेअर, सगळ्या परीक्षा पुन्हा. त्याला वर्ष-दोन वर्षे जातात, आणि तोवर आणखी एखाद्या भागाचे पत्र आलेले असते.

आपल्या देशाला या दुखण्याची एक वेगळी बाजूही आहे. भाग बाजारात असून आपल्याला मिळत नाही, अशी वेळ आपल्यावर आली आहे. मे 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने अनेक भारतीय संस्थांना माल विकण्यावर निर्बंध घातले. हैदराबादेतील क्षेपणास्त्र संशोधनाच्या संस्थाही त्यांत होत्या, आणि त्यांची नावे त्या यादीतून निघाली ती जानेवारी 2011 मध्ये. ज्याला भाग नाकारला गेला आणि ज्याचा भाग बंद झाला, त्या दोघांची अवस्था एकच. मोहालीला सरकारने चिपांचा कारखाना उभारला होता. तो फेब्रुवारी 1989 मध्ये आगीत भस्मसात झाला. तो पुन्हा उभा करण्यात मौल्यवान वर्षे गेली. तरी त्याच मोहालीत आज इस्रोच्या अग्निबाणांसाठी 'विक्रम' नावाचे प्रोसेसर बनतात. 16 बिटांचा विक्रम 1601 हा 2009 पासून अग्निबाणांत वापरला गेला, आणि 32 बिटांचा विक्रम 3201 मार्च 2025 मध्ये इस्रोच्या हाती आला. त्यातील तंत्र 180 नॅनोमीटरचे आहे. मोबाइल फोनच्या मानाने पंचवीस वर्षे जुने. वर्तमानपत्रांत कोणी कोणी त्याला नाके मुरडली. मला मात्र तो आकडा वाचून आनंद झाला. उणे पंचावन्न ते सव्वाशे अंशांपर्यंत चालणारी चिप, जी बंद करावयाची की नाही ते दूर देशीचा व्यापारी ठरविणार नाही! आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून अधिक काय हवे?

जाता जाता एक गंमत. आमच्या वडिलांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ अजून घरात आहे, ज्यावर त्यांनी डेक्कन रेडिओ ऐकला. ट्रांझिस्टर आल्यावर व्हॉल्व्ह बाजारातून उठले असे सर्वांनी धरले. परंतु रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे काही जातींचे व्हॉल्व्ह आजही नवे बनतात, कारण विजेची गिटार वाजविणाऱ्या मंडळींना त्यांच्याच आवाजाचे वेड आहे. सैन्ये, रेल्वे व वीज मंडळे जे करू शकली नाहीत, ते गवयांनी केले. माझ्या रेडिओला लागणारा व्हॉल्व्ह मात्र गिटारवाल्यांच्या उपयोगाचा नाही. तो मी गुजराती गल्लीत शोधतो आहे.

ती तपासणीतील मुलगी आता त्या कारखान्याची खरेदीप्रमुख आहे. मागच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. शेवटच्या ऑर्डरीचे आणखी एक पत्र आले होते, आणि किती नग घ्यावेत याविषयी तिला बोलावयाचे होते. तिने बारा वर्षांचा हिशेब केला होता. मी पंधरा वर्षांचा करावयास सांगितला. "मालक ऐकणार नाहीत, सर," ती म्हणाली. मी म्हटले, "मग नायट्रोजनच्या कपाटात खालच्या कप्प्यात डाव्या बाजूस एक जुना डबा आहे. त्यात याच नंबरचे बासष्ट नग असावेत. आधी ते मोजून घे."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. एकसष्टच भरले.